मुकादमाचा मेलेला हात

करंटबाईकडे येणारी माणसं दोन प्रकारची. एक, मशीनचं बटण दाबायच्या आधीच 'मेलो, मेलो' करून कॉट डोक्यावर घेणारी. दुसरी, 'काहीच लागत नाही बाई, वाढवा अजून' असं छाती फुगवून सांगणारी. पहिल्यांना ती हसायची, दुसऱ्यांना झापायची. "अहो, इथे काय कुस्ती लागली आहे का? मुंग्या आल्या की सांगा. मुंग्या हव्यात मला, डंख नको. डंखापर्यंत गप्प राहिलात तर कातडी तुमची जळेल आणि बोंब माझ्या नावाने होईल." सोळा वर्षं ती हे रोज दहा वेळा म्हणत आली होती. हजेरीपट सोडला तर तिचं खरं नाव कुठेच राहिलं नव्हतं. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टरसुद्धा 'पाठवा करंटबाईकडे' असंच म्हणत.

खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. चार कॉट, मध्ये हिरवे पडदे, भिंतीला दोरी-कप्पी, कोपऱ्यात वितळलेल्या मेणाची टाकी आणि कायम ठिबकणारा नळ. मशीन एका चाकांच्या टेबलावर. त्याला चार वायरी, वायरींच्या टोकाला रबराच्या चकत्या, आणि चकत्यांखाली ओले स्पंज. स्पंज ओला असला की करंट कातडीवर पसरतो आणि दुखणारी जागा गोड बधिर होते. कोरडा असला की एका टिपक्यावर जमून चावतो. म्हणून स्पंज भिजवण्याचं काम साधं दिसलं तरी साधं नव्हतं, आणि ते गेली नऊ वर्षं मावशीकडे होतं. मावशी साठीला टेकलेली, बारीक, तोंडाला पांढरा मास्क, कमी बोलणारी. मास्कच्या वर फक्त डोळे दिसायचे आणि तेवढ्यावर तिचं सगळं भागायचं.

करंटबाईचा राग मात्र हॉस्पिटलभर माहीत होता. एका नवऱ्याने बायकोच्या दुखऱ्या गुडघ्याला 'नाटकं' म्हटलं तेव्हा तिने त्याला कॉलर धरून खोलीबाहेर काढला होता. त्यावर तिला लेखी ताकीद मिळाली होती आणि ती तिने टेबलाच्या काचेखाली सगळ्यांना दिसेल अशी लावली होती.

अशा खोलीत मुकादम आला. पन्नाशीचा, मानेला घड्या पडलेला, हसऱ्या तोंडाचा. पोत्यांच्या एका मोठ्या गोदामावर हमालांचा मुकादम. उजव्या खांद्याच्या मागून निघून दंडाखाली उतरलेला व्रण त्याने शर्ट काढून दाखवला आणि करंटबाईच्या तोंडून 'आई गं' निघून गेलं. पोती उचलायचा लोखंडी हूक आत शिरून ओढला गेला होता. कागदावर 'हूक लागून जखम' एवढंच होतं. गोदामात असे अपघात होतातच, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

त्याच्या दोन तक्रारी होत्या. खांद्यात रात्रंदिवस आग, आणि कोपराखाली हात मेलेला.

तिने रीतीप्रमाणे तपासलं. गरम पाण्याची नळी, थंड पाण्याची नळी, मग टाचणी. "इथे कळतंय? इथे? आणि इथे?" मुकादम डोळे मिटून दर वेळी "नाही" म्हणाला. हात लाकडासारखा पडून होता. तिने कार्डावर आपल्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं : उजवा हात, कोपराखाली संवेदना नाही. जिथे संवेदना नाही तिथे करंट कधीही लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. ज्याला डंख कळत नाही तो थांबा म्हणणार नाही. म्हणून चकत्या फक्त खांद्याला लागल्या.

आणि खांद्याला गुण आला. तिसऱ्या दिवशी मुकादम कॉटवरच घोरायला लागला. "बाई, चार महिन्यांनी झोपलो हो," म्हणत त्याने डाव्या हाताने नमस्कार केला. "तुमच्या हाताला गुण आहे." करंटबाईला तो आवडायला लागला होता. विनोद सांगायचा, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना उठायला हात द्यायचा, मशीनला 'तुमची ती गुदगुली' म्हणायचा. असे पेशंट आले की तिचा दिवस बरा जायचा.

सहाव्या दिवशी तिने बटण फिरवलं आणि मुकादम "आयला!" करून कॉटवरून अर्धा उठला. चकती काढून बघते तो खांद्यावर लालभडक चट्टा आणि स्पंज पिळून कोरडा केलेला. नऊ वर्षांत मावशीकडून असं कधी झालं नव्हतं. मुकादमाची समजूत घालून, मलम लावून त्याला घरी पाठवल्यावर तिने मावशीला मेणाच्या टाकीपाशी ओढलं.

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे का? भाजला असता तो!"

"भाजू दे," मावशी म्हणाली. मास्कखालून आवाज अगदी सपाट आला. "माझ्या लेकाने त्याला हूक मारला, ताई. माझा लेक चार महिने आत आहे."

मग ती एका दमात बोलली. हा मुकादम कन्व्हेयरच्या रबरी पट्ट्याचा हातभर तुकडा घेऊन फिरायचा. पोतं टेकवलं की पट्टा. लघवीला गेलं की पट्टा. पाठी सोलून निघायच्या, पण काम जाईल म्हणून कुणी हूं की चूं करायचं नाही. त्या दिवशी एक म्हातारा हमाल शिडीवर थांबला म्हणून मुकादमाने त्याच्या तोंडावर पट्टा ओढला आणि म्हाताऱ्याचा डोळा फुटला. बोटांमधून गळायला लागला. मावशीच्या लेकाने हातातला हूक मुकादमाच्या खांद्यात घातला आणि ओढला.

"वाईटच केलं त्याने. मी नाही म्हणत नाही," मावशी म्हणाली. "पण वकील म्हणतो, हात कायमचा गेला असेल तर सात वर्षं. नुसती जखम असेल तर जेवढं आत काढलं तेवढ्यावर सुटेल. सगळं त्या हातावर आहे ताई, आणि हाताचा कागद इथून जाणार आहे. माझी मान वर करायची छाती नाही झाली. पहिल्या दिवसापासून त्याचे स्पंज भिजवतेय मी."

करंटबाईला आधी आपल्याच अकलेची कीव आली. सहा दिवस ती या माणसाच्या विनोदांना हसत होती. मग तळपायाची आग मस्तकात गेली. मग, सवयीने, डोकं कामाला लागलं. तिला आठवलं की पहिल्या दिवशी तिने दर टोचणीला 'इथे? इथे?' असं विचारलं होतं. विचारल्यावर 'नाही' म्हणायला काय लागतं?

सातव्या दिवशी मुकादम कॉटवर आडवा झाला तशी ती म्हणाली, "हात परत तपासते. डोळ्यांवर टॉवेल टाकते, उजेड नको. टोचलं आणि कळलं तर 'हो' म्हणा. नाही कळलं तर 'नाही' म्हणा. मी मध्ये बोलणार नाही."

"बोला की. तुमचा आवाज गोड आहे," मुकादम टॉवेलखालून म्हणाला.

ती बोलली नाही. मनगटावर टाचणी टेकवली.

"नाही."

थांबली. नळ ठिबकत होता. मनात वीसपर्यंत मोजलं. मुकादम गप्प. मग अंगठ्याच्या मुळाशी टोचलं.

"नाही."

पुन्हा थांबली, तिसापर्यंत. गप्प. करंगळीला टोचलं.

"नाही."

सहा वेळा टोचलं, सहा वेळा नेमक्या त्या क्षणी तो 'नाही' म्हणाला, आणि मधल्या वेळात एकदाही नाही. ज्या हाताला काही कळत नव्हतं त्याला टोचल्याचा क्षण तेवढा कळत होता. करंटबाईच्या नाकातून हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. मुकादमाने डाव्या हाताने टॉवेल ओढला आणि तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं. पडद्याआड मावशी स्पंज घेऊन उभी होती. त्याने तिच्याकडेही बघितलं, मास्कच्या वरच्या डोळ्यांकडे, आणि बराच वेळ बघत राहिला.

दुपारी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. "टाचणी कोर्टात चालणार नाही," ते म्हणाले. "पण हाताला बारीक करंट दिला आणि बोटं उडाली, तर शीर जिवंत आहे. मेलेल्या शिरेची बोटं तुमच्या त्या बारीक करंटला उडत नाहीत. उद्या अकराला मी येतो. माझ्यासमोर लावा. बोटं उडाली की मी सही करतो, परवा कागद कोर्टात. आणि बाई, तोपर्यंत त्या हाताला हात लावू नका."

"नाही लावत," ती म्हणाली. मावशीला सांगितलं तेव्हा मावशी टाकीच्या कडेला धरून खाली बसली. मास्क ओला झाला. "उद्या अकराला," ती दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुकादम साडेनऊलाच आला. त्याला दहाला बोलावलं होतं. बाकीचे पेशंट अजून आले नव्हते. शर्ट काढून कॉटवर पडला आणि तिने खांद्याला चकत्या लावल्यावर आपणहून बोलायला लागला. आवाज तोच, गप्पांचा.

"बाई, तुमच्या मावशीचे डोळे मी आधी कुठेतरी बघितलेत असं वाटत होतं. लेकाचे तसेच आहेत." पडद्यापलीकडे पाण्याचा आवाज थांबला. "आत त्याची व्यवस्था मीच बघतो. ओळखी आहेत माझ्या. परवा त्याच्या उजव्या हाताची समजूत काढली म्हणे. दारात हात ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं. एकदा. मग परत उघडायचं आणि परत लावायचं. पहिल्या दोन बोटांची हाडं काड्यांसारखी वाजली असं सांगत होता तो शिपाई. आता आयुष्यात हूक धरायचा नाही तो. पोरगं आई आई ओरडत होतं. तुम्हाला सांगतो बाई, इतक्या लांब, तरी मला इथे खांद्यात बरं वाटलं. तुमच्या गुदगुलीपेक्षा बरं."

पडद्याआड स्पंजांचं भांडं फरशीवर आदळलं. मावशीच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हता तो.

पुढचं करंटबाईने केलं ते रागाने केलं, आणि तिने ते कधी नाकारलंही नाही. तिने मुकादमाच्या खांद्यावरच्या चकत्या काढल्या, फरशीवर पडलेले दोन स्पंज उचलले, त्याच्या उजव्या हाताला आतल्या बाजूने लावले आणि पट्टे इतके आवळले की कातडी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना फुगली. मुकादम बघत होता. हात त्याने हलवला नाही. कसा हलवणार? मेलेला होता ना तो.

"आज हाताला का बाई?"

"आज हाताला."

तिने बटण फिरवलं. काटा पाचावर गेला, आठावर गेला. बारावर मुकादमाची बोटं उडाली. चारही बोटं एकदम आत वळली, सुटली, वळली, सुटली, ताल धरल्यासारखी. शीर जिवंत होती. मावशी पडदा सारून आत आली होती आणि तिनेही ते बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते. इथे थांबायचं होतं. मशीन बंद करून, हात कोरडा पुसून, अकरापर्यंत खुर्चीत बसून राहायचं होतं. एवढंच काम होतं, आणि ते शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

पण करंटबाईला बोटं नको होती. तिला त्याची किंकाळी हवी होती.

"बोटं उडाली का?" मुकादम म्हणाला. तो छताकडे बघत होता. "मला तर काहीच लागत नाही बाई. वाढवा."

तिने वाढवलं. वीस. पंचवीस. त्याच्या कपाळावर घाम आला. तीस. मनगट आत दुमडलं, दंडातला पीळ वर चढला, व्रण ताणून पांढरा झाला. "लागत नाही," मुकादम म्हणाला. तिने मशीनवरची दुसरी कळ दाबली, सरळ करंटची. ही कळ अगदी थोडा वेळ, अगदी ओल्या स्पंजावर वापरायची असते, कारण तो करंट थांबत नाही, एकाच जागी वाहत राहतो आणि कातडी शिजवतो. स्पंज अर्धे सुकलेले होते. हे तिला माहीत होतं. सोळा वर्षं ती दुसऱ्यांना हेच शिकवत आली होती.

"सांग," ती म्हणाली. अहो-जाहो कधीच गेलं होतं. "सांग लागतंय म्हणून. एकदा ओरड. सोडते."

मुकादमाने खालचा ओठ दातात धरला होता. रक्त हनुवटीवर आलं. डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानात जात होतं. कॉटची लोखंडी कड त्याने डाव्या हाताने धरली होती आणि ती थरथरत होती. पायाची बोटं आवळली होती. सबंध अंग ओरडत होतं, फक्त तोंड गप्प होतं. जळक्या केसांचा वास आला, मग त्याहून वाईट वास.

"नाही," तो म्हणाला. रक्ताचा थेंब उडून तिच्या गालावर पडला. "नाही लागत."

"ओरड, भाड्या!" ती स्वतःच ओरडली आणि बटण पार शेवटाला नेलं. तिला त्या क्षणी सुख झालं. पट्टा हातात धरणाऱ्याला जे होत असेल तेच, आणि ते तिला कळलंही, तरी बोटं बटणावरून सुटेनात.

प्लग मावशीने ओढला. ज्या बाईला त्याला भाजलेला बघायचा होता तिनेच वायर हाताला गुंडाळून सगळ्या अंगानिशी खेचली आणि भिंतीतला सॉकेट अर्धा बाहेर आला. "ताई, बास!" ती किंचाळली. "तो नाही ओरडणार! कळत कसं नाही तुम्हाला, तो नाही ओरडणार!"

चकत्या निघाल्या तेव्हा कातडीचे दोन तुकडे त्यांच्याबरोबर निघाले. हातावर दोन चौकोन उमटले होते, मध्ये पांढरे, कडेला काळे. मुकादम उठून बसला. त्याचं अंग हुडहुडी भरल्यासारखं हलत होतं, पण उजवा हात त्याने तसाच लोंबता ठेवला. त्याने त्या दोन चौकोनांकडे बघितलं आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला. तो का, हे करंटबाईला तेव्हा कळलं नाही. मावशीला कळलं. ती फरशीवरच्या पाण्यात बसली आणि डोकं भिंतीवर आपटायला लागली.

अकराला मोठे डॉक्टर आले. त्यांनी हात बघितला. भाजलेल्या हाताला करंट लावून काही दाखवणं शक्य नव्हतं. दोन दिवसांत हात पिकला. मोठ्या शहरात शिरांची सुईची तपासणी होते, पण सुजलेल्या, पू धरलेल्या हातात सुया कुणी घालेना आणि तारीख पुढे ढकलायला कोर्ट तयार नव्हतं. कोर्टाने तीन डॉक्टरांची समिती नेमली.

समिती हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर, लांब टेबलाच्या खोलीत बसली. करंटबाईसमोर तिचं कार्ड ठेवलं.

"'कोपराखाली संवेदना नाही.' हे अक्षर तुमचं?"

"माझं. पण नंतर मी परत तपासलं. सहा वेळा टोचलं..."

"त्याची नोंद?"

नोंद नव्हती. अकराला सगळं एकदम लिहू म्हणून राहिली होती.

"संवेदना नाही असं तुम्हीच लिहिलेल्या जागी तुम्ही करंट लावला?"

"बोटं उडाली," ती म्हणाली. "बारावर उडाली. शीर जिवंत आहे त्याची."

"कुणी बघितलं?"

"मी. आणि मावशीने."

"म्हणजे आरोपीच्या आईने." टेबलावर कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिघांतला वयस्क डॉक्टर भला माणूस होता. त्याने चष्मा काढला आणि अगदी मायेने विचारलं, "बाई, तुमचा अनुभव मोठा आहे. तुम्हीच सांगा. ज्याच्या हाताला कळतंय असा माणूस कातडी निघेपर्यंत गप्प पडून राहील? असा एकतरी माणूस सोळा वर्षांत तुम्ही बघितलात?"

कोपऱ्यात मुकादम बसला होता, हात बँडेजमध्ये, मान खाली. करंटबाईला खोटं बोलता आलं असतं. पण तिला प्रश्न विचारला गेला होता तिच्या कामाबद्दल, आणि कामाबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "असा कधी बघितला नाही."

तिघांनी सह्या केल्या. हात कायमचा निकामी.

ती बाहेर पडली आणि जिन्याच्या वळणावर पोचली तेव्हा मागून पावलं आली. वळणावर खिडकी होती, बाकी कुणी नव्हतं.

"बाई, एक राहिलं," मुकादम म्हणाला, आणि बँडेजमधून बाहेर आलेल्या उजव्या बोटांनी तिचं मनगट धरलं.

हात गरम होता. पकड हमालांवर तीस वर्षं राज्य केलेल्या माणसाची होती. त्याने तिला भिंतीवर दाबलं आणि पिळलं. मनगटातली दोन हाडं एकमेकांवर घासली. बँडेजवर पिवळी ओल पसरली, म्हणजे त्यालाही ते जाळत असणार, पण त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, खोलीत आजोबांना उठवताना असायचं तेच.

"मुंग्या आल्या की सांगा," तो तिच्या कानाशी म्हणाला. "आल्या? की वाढवू?"

तिने दात आवळले. मनाशी ठरवलं की ओरडायचं नाही, मरेन पण ओरडणार नाही. त्याने वाढवलं. आत काहीतरी कट्कन वाजलं आणि करंटबाई ओरडली. असा आवाज आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. वर-खाली दारं उघडली, माणसं धावली. त्यांनी बघितलं ते एवढंच : भिंतीला टेकून एक बाई किंचाळते आहे आणि दोन पायऱ्या खाली एक माणूस उभा आहे, उजवा हात लोंबता. "चक्कर आली बहुतेक बाईंना," तो काळजीने म्हणाला. "सांभाळा कुणीतरी. मला तर हात देता येत नाही."

सात वर्षांचा निकाल आठवड्याने लागला. करंटबाईला कामावरून काढलं होतं. ती आपली चप्पल, डबा आणि पाण्याची बाटली घ्यायला दुपारी खोलीत आली, तेव्हा मावशी नळाखाली स्पंज धूत होती. कॉटवर पेशंट नव्हते. नवीन माणूस सोमवारी येणार होता.

"मावशी," ती म्हणाली. सॉरी म्हणायची लाज वाटली. सात वर्षांना सॉरी कसं पुरणार?

मावशीने नळ बंद केला. मास्क काढला. नऊ वर्षांत करंटबाईने तिचं सबंध तोंड बहुधा दोनदाच बघितलं असेल. मावशी जवळ आली आणि तिने करंटबाईच्या हाताची पट्टी सोडवली. मनगट सुजलेलं होतं आणि त्यावर पाच बोटांचे डाग होते, जांभळे, कडेला हिरवट, प्रत्येक बोट वेगळं मोजता येईल असे.

"त्याच हाताचे?"

"त्याच हाताचे."

"दाखवलेत कुणाला?"

"दाखवले. म्हणाले, कुणाच्याही हाताचे असतील."

मावशीने मान हलवली. मग आपला ओला, सुरकुतलेला अंगठा मुकादमाच्या अंगठ्याच्या डागावर बरोबर ठेवला, बाकीची बोटं बाकीच्या डागांवर, आणि दाबलं. करंटबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दुसऱ्या हाताने कॉट धरली.

"दुखतंय?"

"दुखतंय, मावशी."

"दुखू दे," मावशी म्हणाली आणि दाबत राहिली. करंटबाईने हात काढून घेतला नाही.